ग्रुपवरची थट्टा भांडण का होते? मेसेजमधला ‘सूर’ कसा पोचवायचा आणि कसा वाचायचा

आज कुठल्या नव्या फोनबद्दल किंवा ॲपबद्दल बोलणार नाहीये. आज बोलायचंय ते आपण सगळे रोज वापरतो त्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल, आणि त्यात होणाऱ्या एका चुकीबद्दल. ही चूक मी स्वतः केली आहे. तिच्यामुळे एक जवळचा मित्र तीन महिने माझ्याशी बोलत नव्हता. म्हणून आधी तो किस्सा सांगतो, मग त्यामागचं कारण, आणि शेवटी फोनमधल्या कुठल्या सोयी अशा वेळी कामाला येतात ते पाहू.

नेमकं काय झालं होतं?

मी जुन्नर तालुक्यातला, नारायणगावच्या जवळचा. आता नोकरीसाठी पुण्यात राहतो. आमच्या जुन्या कॉलेजचा एक ग्रुप आहे. त्यात निम्मी पोरं जुन्नरची, निम्मी आंबेगावची. त्यामुळे वाद ठरलेले. नारायणगावचा बाजार मोठा की मंचरचा? मिसळ कुठली भारी? आम्ही म्हणणार, “शिवनेरी आमच्याकडं.” ते म्हणणार, “डिंभे धरण आमच्याकडं, पाणी तोडू का?” रात्री अकरापर्यंत हे चालायचं आणि सकाळी सगळे पुन्हा ‘सुप्रभात’ टाकायला मोकळे.

एका रात्री आंबेगावच्या मित्रानं लिहिलं की शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, मोटार चालू करायला आणि दारं धरायला उसाच्या कडेनं जावं लागतं, आणि बिबट्या रोज दिसतोय. मी पुण्यात, जेवण करून निवांत पडलेलो. मी लिहिलं, “मग बिबट्यालाच वायरमन करून टाका.”

चारपाच जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. मित्राचं उत्तर आलं, “बरोबर आहे साहेब. तुमचं पुण्यात बरं आहे.” मला वाटलं, गडी रंगात आलाय. मी अजून दोन विनोद केले. तो काही बोलला नाही.

त्यानं त्याच रात्री ग्रुप सोडला होता. ऑगस्ट २०२२ पासून व्हॉट्सॲपनं असं केलंय की ग्रुप सोडला तर फक्त ॲडमिनला कळतं, बाकीच्यांना नाही. त्यामुळे मला पंधरा दिवस पत्ताच नव्हता. नंतर कळलं की त्याच आठवड्यात त्याच्या गोठ्यातली कालवड बिबट्यानं नेली होती. हे त्यानं ग्रुपवर लिहिलं नव्हतं. लिहिणार होता, तेवढ्यात माझा विनोद आला.

सूर म्हणजे काय, आणि तो जातो कुठं?

आपण समोरासमोर बोलतो तेव्हा शब्दांबरोबर बऱ्याच गोष्टी जातात. आवाज वर जातो की खाली, चेहरा हसरा आहे की नाही, मध्ये किती वेळ थांबलो, खांद्यावर हात टाकला का. या सगळ्याला मिळून मी इथं ‘सूर’ म्हणतोय. मेसेजमध्ये शब्द जातात, सूर मागेच राहतो. पण वाचणारा सुराशिवाय वाचत नाही. तो आपल्या मनातला सूर त्या शब्दांना लावतो. तो दमलेला असेल तर दमलेला सूर, घाबरलेला असेल तर घाबरलेला. माझा मित्र माझा मेसेज घरात बसून वाचत नव्हता, रात्री बांधावर उभा राहून बॅटरीच्या उजेडात वाचत होता.

आमच्या भागातलंच उदाहरण देतो. नारायणगावला ‘तमाशा पंढरी’ म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तमाशा ठरवायला येतात. शाहिरी-तमाशाच्या परंपरेत सवाल-जवाब हा मोठा प्रकार आहे. कलगीवाले शक्तीला मोठं म्हणतात, तुरेवाले शिवाला. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातच तोडीस तोड उत्तर द्यायचं. एकमेकांना अगदी घालूनपाडून बोलतात, पण बघणाऱ्याला कळतं की हा खेळ आहे. ढोलकी वाजत असते, चेहऱ्यावर मिश्कील भाव असतो, समोर टाळ्या पडत असतात. आता तेच शब्द ढोलकीशिवाय, चेहऱ्याशिवाय, रात्री साडेअकराला एकट्या माणसाच्या फोनवर पाठवून बघा. शिवीसारखे लागतील.

हे फक्त आपल्याच ग्रुपवर होतं का?

नाही. इंटरनेट आपल्यापर्यंत यायच्या आधीपासून हे होतंय. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटरवरच्या सूचना फलकावर लोक गप्पा मारायचे. तिथं कुणीतरी केलेला विनोद बाकीच्यांना खरा वाटायचा आणि गोंधळ व्हायचा. म्हणून १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं की विनोद असेल तर शेवटी कोलन, आडवी रेघ आणि कंस टाका. मान वाकडी करून बघितलं की हसरा चेहरा दिसतो. आज आपण वापरतो त्या स्मायलीची सुरुवात अशी ‘गैरसमज नको’ म्हणून झाली.

२००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना उपरोधाची आणि गंभीर अशी दोन्ही प्रकारची वाक्यं दिली. ती कधी ईमेलनं पाठवायची, कधी आवाजात सांगायची. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की दोन्ही प्रकारे ७८ टक्के वेळा समोरच्याला सूर कळेल. आवाजात तो ७३ टक्के वेळा कळला. ईमेलमध्ये फक्त ५६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं! आणि वाचणाऱ्यांना विचारलं, तर त्यांना वाटत होतं की आपण दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलं.

म्हणजे लिहिणाऱ्यालाही खात्री आणि वाचणाऱ्यालाही खात्री. म्हणून तर भांडण होतं. दोघांपैकी एकालाही शंका आली असती तर त्यानं विचारलं असतं.

मराठीत गडबड कुठं होते?

आपल्या भाषेत सूर दाखवणाऱ्या बारीक जागा खूप आहेत. त्या लक्षात घेतल्या तर अर्धं काम होतं.

१. छोटे शब्द. “तू ये” हा हुकूम वाटतो. “तू ये ना” म्हणजे आग्रह. “तू ये की” म्हणजे मोकळं आमंत्रण. “तूच ये” म्हटलं की काहीतरी बिनसलंय. घाईत टाईप करताना ‘ना’, ‘की’, ‘रे’, ‘गं’ आपण गाळतो आणि साधं वाक्य कोरडं होतं.

२. तू, तुम्ही आणि साहेब. रोज ‘तू’ किंवा ‘लेका’ म्हणणारा मित्र अचानक ‘तुम्ही’ किंवा ‘साहेब’ म्हणाला, तर दोनच शक्यता असतात. एक तर तो फुल्ल मस्तीत आहे, नाहीतर त्याला लागलंय. मी पहिलीच धरली आणि तिथंच फसलो.

३. “हो का”, “बरं”, “छान”, “ग्रेट”. हे शब्द खरेही असतात आणि खवचटही. बोलताना क्षणात कळतं, लिहिताना कळत नाही.

४. पूर्णविराम. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की एका शब्दाच्या उत्तरापुढं टिंब दिलं की मुलांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटतं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं वाटत नाही. आपल्याकडंही “बरं” आणि “बरं.” यात फरक वाटतोच ना? पण घरातली मोठी माणसं शाळेत शिकवलं म्हणून टिंब देतात. काकांच्या टिंबावरून राग ओळखू नका.

५. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. के, ए, एल लिहिलं तर ते काल, काळ की कळ? ऱ्हस्व-दीर्घ जातं, आणि त्याबरोबर उच्चारातली मजाही जाते. जमेल तेव्हा मराठी कीबोर्ड वापरा. टाईप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचं माईकचं बटण दाबून मराठीत बोला, ते लिहून देतं.

६. गावची बोली. आमच्याकडं “आरं येड्या” हे प्रेमानं म्हणतात. पण ग्रुपमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा नुकताच आलेला कुणी असेल तर त्याला ते तसंच कळेल याची खात्री नाही.

इमोजी टाकला की झालं का?

बऱ्याच वेळा मदत होते, पण पूर्ण भरवसा ठेवू नका. २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासात लोकांना इमोजी दाखवून विचारलं की हा आनंदी आहे, साधा आहे की वाईट. अगदी तेच चित्र बघूनही साधारण २५ टक्के वेळा दोन माणसांचं जमलं नाही. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर तोच इमोजी वेगळा दिसतो. त्या काळात हसऱ्या डोळ्यांचा एक चेहरा ॲपलच्या फोनवर दात विचकल्यासारखा दिसायचा आणि दुसऱ्या फोनवर मस्त हसरा.

आपल्याकडचे दोन इमोजी तर खास आहेत. जोडलेले हात म्हणजे नमस्कार, धन्यवाद, माफी, श्रद्धांजली आणि “आता पुरे करा बाबा” असं सगळंच. अंगठा म्हणजे आजोबांसाठी ‘मान्य’, आणि आपल्या वयाच्या पोरांसाठी कधीकधी ‘जा, बोलायचं नाही’. आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा? दुसऱ्याच्या अडचणीखाली तो टाकला की ती चेष्टाच होते. माझ्या विनोदाखाली पडलेले ते चारपाच इमोजी मित्रानं कसे वाचले असतील, हे मला नंतर कळलं. ते विनोदाला हसत होते, त्याला वाटलं त्याला हसतायत.

लिहिताना काय करायचं?

• आधी समोरच्यानं काय सांगितलंय ते बघा. तो भीती, नुकसान, आजार, पैसा यांबद्दल बोलत असेल तर पहिलं उत्तर साधं द्या. “सांभाळून जा रे, कोण आहे का सोबत?” विनोद नंतरही करता येतो.

• वाद घालायचाच असेल तर मुद्द्याशी घाला. “मंचरला भाव बरा मिळतो हे मला पटत नाही” यात वाद आहे. “तुला काय कळतंय बाजारातलं” यात माणूस आला.

• गंमत असेल तर तसं सरळ लिहा. “मस्करी करतोय रे” एवढे तीन शब्द पुरतात. त्यानं विनोदाची धार थोडी जाते हे खरं. पण मित्र जाण्यापेक्षा धार गेलेली परवडली.

• जे वाक्य त्याच्या घरच्यांसमोर बोलणार नाही, ते ग्रुपवरही लिहू नका. ग्रुपमध्ये पन्नास माणसं बघत असतात. एकट्यात चालणारी थट्टा पन्नास जणांपुढं अपमान होते.

• वादात कुठंतरी “हे तुझं बरोबर आहे” असं म्हणा. सगळंच खोडून काढत राहिलात, तर समोरच्याला मैत्रीतला वाद वाटतच नाही.

वाचताना काय करायचं?

मेसेज लागला तर लगेच उत्तर टाईप करू नका. तोच मेसेज त्या माणसाच्या आवाजात, तो कट्ट्यावर बसून बोलतोय असं समजून पुन्हा वाचा. तरीही शंका राहिली तर विचारा. “हे सिरियसली म्हणतोयस का?” असं विचारण्यात कमीपणा नाही. नंतरच्या अबोल्यापेक्षा ते सोपं आहे.

आणि निळ्या टिकांवरून अर्थ काढू नका. वाचून उत्तर दिलं नाही म्हणजे राग आलाच असं नाही. माणूस गाडीवर असेल, रानात असेल, रेंज गेली असेल. डोंगराकडच्या गावांत तर रेंजसाठी उंचावर जावं लागतं, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको.

फोनमधल्या कामाच्या सोयी

• ठरावीक मेसेजला उत्तर: मेसेज उजवीकडं सरकवला की तो वर दिसतो आणि त्याखाली उत्तर लिहिता येतं. ग्रुपमध्ये तीन विषय चालू असतात तेव्हा तुमचं “हो का” नेमकं कुणाला, ते यातून कळतं.

• खासगीत उत्तर: ग्रुपमधला मेसेज दाबून धरा, पर्यायांमध्ये खासगीत उत्तर देण्याची सोय आहे. वाद तापला की चर्चा तिकडं न्या. प्रेक्षक नसले की माणसं लवकर मऊ होतात.

• व्हॉइस मेसेज: सूर परत आणण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. दहा सेकंद बोला, हसू आपोआप ऐकू जातं.

• एडिट: मे २०२३ पासून पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. ‘मस्करी करतोय’ जोडायला हे बेस्ट. पण समोरच्यानं आधीच वाचलेलं असू शकतं.

• सर्वांसाठी डिलीट: साधारण दोन दिवसांपर्यंत चालतं. मात्र मेसेज काढल्याची खूण राहते, आणि ‘काय लिहिलं होतं?’ म्हणून शंका वाढते. डिलीट केलंत तर कारण सांगा.

• म्यूट: डोकं तापलंय असं वाटलं तर ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा. ग्रुप सोडण्याआधी हे करून बघा.

• पोल: सहलीला कुठं जायचं, तारीख कुठली, असल्या गोष्टींवर शंभर मेसेज करण्यापेक्षा पोल टाका. मतं मोजली की वाद संपतो.

ॲडमिन असाल तर

ॲडमिनला ग्रुपमधला कुणाचाही मेसेज काढता येतो आणि फक्त ॲडमिन लिहू शकतील असंही करता येतं. पण प्रत्येक वादाला कुलूप लावू नका, नाहीतर ग्रुपवर फक्त सुप्रभात उरेल. अनेकांना भीती असते की कुणी काही वाईट लिहिलं तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की ठरवून केलेला कट नसेल, तर दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. लिहिणारा स्वतः मात्र जबाबदार असतोच.

ॲडमिनचं खरं काम वेगळं आहे. कुणी ग्रुप सोडला हे पहिल्यांदा त्यालाच कळतं. अशा वेळी त्या माणसाला एक फोन करा. आमच्या ॲडमिननं केला असता तर तीन महिने गेले नसते. अर्थात त्याआधी मीच करायला हवा होता.

“मी गंमत करत होतो” हे कधी चालत नाही?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक वेळी चूक वाचणाऱ्याची नसते. “तू चुकीच्या अर्थानं घेतलंस” असं म्हणून आपण सहज सुटतो. माझ्या बाबतीत सूर हरवला हे खरं, पण एवढंच नव्हतं. तो भीतीबद्दल बोलत होता आणि मी त्यावर विनोद शोधत होतो. समोर असतो तर त्याचा चेहरा बघून मी थांबलो असतो. ग्रुपवर चेहरा दिसत नाही, म्हणून थांबायचं काम आपल्यालाच करावं लागतं. आणि कुणी मुद्दाम, रोज, एकाच माणसाला टोचत असेल तर ती थट्टा नाही. तिथं सूर समजून घेत बसू नका, सरळ थांबवा किंवा ब्लॉक करा.

माफी मागायची तर कशी? ग्रुपवर ‘कुणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असं मोघम टाकू नका. त्या माणसाला फोन करा, आणि काय चुकलं ते नाव घेऊन सांगा.

मी शेवटी एका लग्नात त्याला भेटलो. पंगतीत शेजारी बसलो तेव्हा दोघंही गप्प. मग मीच म्हणालो, “कालवडीचं मला माहीत नव्हतं. पण माहीत नसतानाही तो विनोद करायला नको होता.” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तू समोर असतास ना, तर मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. फोनवर कुणाला शिव्या घालू?”

आता तो पुन्हा ग्रुपवर आहे. मंचर की नारायणगाव हा वादही चालू आहे. फरक एवढाच की त्याची रात्रीची लाईट असली की मी आधी फोन करतो, आणि मोटार चालू करून तो घरी येईपर्यंत आम्ही बोलत राहतो.

तुमच्या ग्रुपवर असा काही किस्सा झालाय का? झाला असेल, तर हा लेख त्या मित्राला पाठवण्याआधी त्याला एक फोन नक्की करा.